कोवळ्या वयातील माता आणि एच.आय.व्ही.

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेत एका शिक्षकाने केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आम्हांस शिक्षणावर बोलावयास सांगण्यात आले होते. आम्ही विषय बदलून मागितला आणि विश्वस्तांनी थोडा विचार करून तो दिला, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हांस विचारले, “मास्तर, मंगल प्रसंगी हा अभद्र विषय कशाला?” प्रश्न रास्त आहे. त्याला आमचे उत्तर असे की, आपला न्यास आजवर मुख्यत्वे दोन गोष्टींवर पैसा खर्च करीत आला आहे : एक मुलींचे शिक्षण आणि दुसरी गरिबांघरची लग्ने. आज ज्या रोगाविषयी बोलावयाचे आहे, तो या दोहोंमधल्या फटीतून घरात शिरतो. मुलगी शाळेतून बाहेर पडते आणि बोहल्यावर उभी राहते किंवा तिचा निकाह होतो. या मधल्या काळात आपण तिच्याकडे पाहत नाही. लग्नानंतर तर ती ‘त्यांची’ झाली म्हणून पाहणे सोडूनच देतो. तेव्हा विषय अभद्र असला तरी परका नाही.

प्रथम कोवळ्या वयात आई होणाऱ्या मुलींविषयी सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहावेत. २००५-०६ साली देशातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४७.४ टक्के स्त्रियांचे लग्न वयाच्या अठराव्या वर्षाआधी झालेले होते. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण २३.३ टक्क्यांवर आले. पहिल्या पाहणीच्या वेळी १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी १६ टक्के आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. दुसऱ्या वेळी त्या ६.८ टक्के निघाल्या. सुधारणा झाली, आणि ती थोडी नव्हे. परंतु शंभरात सात हा आकडा कागदावर लहान दिसतो, वर्गात तो लहान वाटत नाही.

आमच्या सीमाभागात दिवाळीची सुट्टी संपली की नववी-दहावीच्या वर्गातील एखाद-दुसरे बाक रिकामे दिसू लागते. त्याच सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला देतो, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या तरुणाला अर्धा कोयता म्हणतात. त्याला उचलही त्याच मानाने मिळते. मग घरची माणसे विचार करतात की, पोराचे लग्न या हंगामाआधी उरकले तर पूर्ण कोयता होईल. मुलीकडच्यांनाही सहा महिने तांड्यावर किंवा खोपीत वयात आलेली पोर सांभाळण्यापेक्षा तिला उजवणे बरे वाटते. यात कोणी दुष्ट असतो असे नव्हे. हिशेबच असा मांडलेला आहे की त्याचे उत्तर पंधरा वर्षांच्या मुलीचे लग्न हेच यावे. दुसऱ्याच हंगामात ती पोटुशी असते, मोळ्या वाहत असते, आणि तिचे नाव कोणत्याही दवाखान्यात घातलेले नसते; कारण गाव एका जिल्ह्यात आणि फड दुसऱ्या जिल्ह्यात.

आता रोगाकडे वळू. एच.आय.व्ही.चा शोध आपल्या देशात प्रथम १९८६ साली मद्रासला लागला. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने तपासले, त्यांत तो सापडला. तेव्हापासून ‘हा त्या बायकांचा रोग’ अशी समजूत रुजली, ती आजही पुरती गेलेली नाही. वस्तुतः ही समजूत खोटी असल्याचा पुरावा आपल्या पुण्यातच मिळाला. १९९७ साली डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. पुण्यात गुप्तरोगाच्या दवाखान्यांत उपचारास आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांची तपासणी केली असता त्यांतील १३.६ टक्के स्त्रियांस एच.आय.व्ही.ची लागण झालेली आढळली. या बहुतेक घरगृहस्थीच्या स्त्रिया होत्या. नवऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाशी त्यांचा संबंध आलेला नव्हता. लागण घरातून झाली होती.

एक विचित्र गोष्ट येथेच सांगतो. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ या संस्थेने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये काम केले आणि त्या स्त्रियाच पुढे एकमेकींना निरोध वाटू लागल्या, ‘त्याशिवाय नाही’ असे गिऱ्हाइकास ठणकावून सांगू लागल्या. म्हणजे जिला आपण पतित म्हणतो, तिला नाही म्हणण्याचा शब्द सापडला. जिचे आपण हळद-कुंकू लावून किंवा मेहर ठरवून लग्न लावून दिले, तिला मात्र तो अजून सापडलेला नाही. सोळा वर्षांची मुलगी पंचवीस-सव्वीस वर्षांच्या नवऱ्याला, तेही सासूच्या घरात, काय सांगणार?

मातेकडून बाळाला होणारी लागण रोखण्याच्या बाबतीत मात्र वैद्यकशास्त्राने खरोखर मोठी मजल मारली आहे, आणि ती आपण जाणून घेतली पाहिजे. हा विषाणू आईपासून बाळाकडे तीन वाटांनी जातो : गर्भात असताना, प्रसूतीच्या वेळी आणि अंगावरच्या दुधातून. काहीच उपचार केले नाहीत तर शंभरातील १५ ते ४५ बाळांना लागण होते. १९९४ साली अमेरिका आणि फ्रान्समधील एका चाचणीत झिडोव्हुडिन नावाचे औषध गरोदर स्त्रियांस दिले, तेव्हा लागणीचे प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर उतरले. १९९९ साली युगांडातील डॉक्टरांनी दाखवून दिले की, प्रसूतीच्या वेळी आईला नेव्हिरापीनची एकच गोळी आणि जन्मानंतर बाळाला थोडे औषध, एवढ्या स्वस्त उपायानेही लागण जवळजवळ निम्म्याने घटते. गरीब देशांना त्या एका गोळीने मोठा धीर दिला. आपल्या देशात एप्रिल २००४ पासून सरकारने एच.आय.व्ही.ची औषधे विनामूल्य देण्यास आरंभ केला, आणि २०१४ पासून प्रत्येक लागण झालेल्या गरोदर स्त्रीस, तिची प्रकृती कशीही असो, जन्मभर औषध द्यावयाचे असे ठरले. आज बहुतेकांस दिवसाकाठी एक गोळी पुरते. आईने गोळी वेळेवर सुरू केली, एक दिवस चुकवली नाही, बाळाला जन्मल्यावर निदान सहा आठवडे औषध पाजले, तर शंभरातील पंचाण्णवांहून अधिक बाळे सुखरूप राहतात. गोळी रक्तातील विषाणूंची संख्या इतकी खाली आणते की, ती मोजणीतही येत नाही. बाळाकडे जावयास मग फारसे काही उरतच नाही. म्हणून आम्ही पालकांना सांगतो की, लागण झाली म्हणजे संसार संपला असे आता नाही.

मग प्रश्न उरला कोठे? जिची पहिली चाचणी निर्दोष निघते, त्या मुलीपाशी तो उरला, असे आमचे म्हणणे आहे. सगळी यंत्रणा लागण झालेली आई शोधावयास बसलेली आहे. बोटातून थेंबभर रक्त घेतले, एच.आय.व्ही. आणि उपदंश या दोन्हींची चाचणी केली, काही नाही निघाले, कार्डावर तशी नोंद केली आणि सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला. मुलगी घरी गेली. पुढचे पाच महिने आणि त्यानंतर अंगावर पाजण्याचे दीड-दोन वर्षे तिच्याकडे त्या दृष्टीने कोणी पाहत नाही.

एक प्रसंग सांगतो. ओळख पटेल असे तपशील मुद्दाम गाळले आहेत. आमच्या शाळेतून नववीनंतर गेलेली एक मुलगी होती. गणितात हुशार, शुद्धलेखनात कच्ची. सतराव्या वर्षी तिला दिवस गेले. चौथ्या महिन्यात एका दवाखान्यात तिचे नाव घातले, तेव्हा सासूने वय एकोणीस सांगितले. चाचणी निर्दोष निघाली. नवरा मालवाहतुकीच्या गाडीवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. त्याला कोणी चाचणीस बोलावले नाही, आणि बोलावले असते तरी तो आला असता की नाही, सांगता येत नाही. सातव्या महिन्यात ती माहेरी आली, प्रसूती नीट झाली, बाळ चार महिन्यांचे झाल्यावर ती सासरी परतली. बाळ दहा महिन्यांचे झाले तेव्हा त्याचे वजन वाढेना, जुलाब थांबेनात, तोंडात पांढरी बुरशी. मोठ्या इस्पितळात तपासले तर बाळाला लागण, आईला लागण, आणि नंतर कळले की बापालाही. जवळची माणसे म्हणू लागली, “पहिल्या चाचणीत काही नव्हते, म्हणजे पोरीनेच माहेरी काही केले.” निर्दोष ठरलेला तो कागद तिच्याच विरुद्ध साक्षीदार झाला. आज मायलेकरे दोघेही औषधावर आहेत, मूल बालवाडीत जाते आणि ती मुलगी शिलाईकाम करून पोट भरते. नवऱ्याने औषध सुरू केले, पण वर्षभरात सोडून दिले.

आता हे असे का घडते, याची कारणे थोडी विस्ताराने सांगितली पाहिजेत. कारण दोष मुलीचा नसतो, हे ती कारणे समजल्याशिवाय लोकांना पटत नाही.

पहिले कारण शरीराचे. वयात नुकत्याच आलेल्या मुलीच्या गर्भाशयाच्या मुखावरील आवरण नाजूक असते. प्रौढ स्त्रीपेक्षा तिला लागण लवकर होते. त्यात गर्भारपण. आफ्रिकेतील अडीच हजारांहून अधिक जोडप्यांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. या जोडप्यांत नवऱ्याला लागण होती, बायकोला नव्हती. त्यात असे दिसले की, एरवीच्या मानाने गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत स्त्रीला लागण होण्याचा धोका सुमारे तिप्पट आणि बाळंतपणानंतरच्या महिन्यांत सुमारे चौपट असतो. म्हणजे चाचणी होते आरंभी, आणि धोका वाढतो शेवटी. शिवाय नव्याने झालेल्या लागणीत पहिले काही आठवडे रक्तात आणि दुधात विषाणूंची संख्या फार मोठी असते. आई त्या वेळी पाजत असेल, तर बाळाला जास्तीत जास्त धोका तेव्हाच. आणि कोणालाच काही माहीत नसते.

दुसरे कारण साधे आहे, पण ते कोणी बोलत नाही. दिवस गेल्यावर निरोध कशाला, असे जोडप्याला वाटते. निरोध म्हणजे पाळणा लांबविण्याचे साधन एवढेच आपण लोकांस शिकविले, आणि लोकांनी ते नीट लक्षात ठेवले!

तिसरे कारण आपल्या रीतीभातींत आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली पद्धत उत्तम आहे. पोरीला विसावा मिळतो, आईच्या हाताखाली ती बाळाचे करावयास शिकते. ती मोडावी असे आम्ही म्हणणार नाही. पण सातव्या महिन्यापासून बाळ तीन-चार महिन्यांचे होईपर्यंत जोडपे वेगळे राहते. गाडीवर, ऊसतोडीवर, शहरात बांधकामावर असलेला तरुण नवरा या सहा-सात महिन्यांत कसा वागतो, हे विचारण्याची सोय आपल्या घरांत नाही. आणि मुलगी सासरी परतते ती नेमकी त्या चौपट धोक्याच्या दिवसांत.

तेव्हा करावयाचे काय? आमच्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी. बायकोबरोबर नवऱ्याचीही चाचणी झाली पाहिजे, आणि ती तिच्या पहिल्या नोंदणीच्याच वेळी. शेवटच्या तिमाहीत मुलीची चाचणी पुन्हा व्हावी. धोका अधिक असेल तेथे पाजत असतानाही व्हावी. आणि मुलगी सासरी परतण्यापूर्वी नवऱ्याने पुन्हा एकदा तपासून घ्यावे, निकाल येईपर्यंत आणि पाजण्याच्या काळात निरोध वापरावा. लागण नुकतीच झाली असेल तर ती चाचणीत दिसावयास काही आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. म्हणून एका चाचणीवर विसंबू नये. नवऱ्याला लागण निघाली तर त्याने औषध सुरू करणे हेच बायकोचे सर्वांत मोठे संरक्षण. त्याच्या रक्तातील विषाणू मोजणीबाहेर गेले आणि औषध नेमाने चालू राहिले, तर शरीरसंबंधातून तिला लागण होत नाही, हे आता निर्विवाद सिद्ध झाले आहे.

पुरुष मंडळी येथे रागावतात, हा आमचा अनुभव आहे. एका पालकसभेत एक गृहस्थ उठून म्हणाले, “म्हणजे आमच्या पोरांवर संशय घेता काय?” आम्ही त्यांना इतकेच म्हटले की, मुलीच्या रक्ताची तपासणी होते तेव्हा तिच्यावर संशय घेतला असे आपणांस वाटत नाही, मग मुलाच्या बाबतीतच तो शब्द का आठवावा? ते खाली बसले. पटले म्हणून बसले की कंटाळून, ते माहीत नाही.

आता एक अडचणीची गोष्ट. अठरा वर्षांखालील मुलीशी संबंध हा २०१२ च्या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि तो डॉक्टरांच्या लक्षात आला तर कळविणे त्यांना बंधनकारक आहे. पत्नी अठरा वर्षांखालील असली तरी सूट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये स्पष्ट केले. कायदा योग्य आहे. आम्ही त्याच्या बाजूचे आहोत. पण त्याचा एक परिणाम डोळ्यांआड करून चालणार नाही. पोलिसांच्या भीतीने घरचे लोक मुलीला दवाखान्यात नेतच नाहीत, उशिरा नेतात, किंवा वय वाढवून सांगतात. उशिरा नेलेल्या मुलीची चाचणी उशिरा होते, औषध उशिरा सुरू होते, आणि औषध उशिरा म्हणजे बाळाला धोका. यातून मधला मार्ग आम्हांस एकच दिसतो : मुलगी गरोदर होईपर्यंत थांबून मग कायद्याची आठवण करण्याऐवजी लग्न ठरते तेव्हाच ती करावी. तेव्हा १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळविता येते. लग्न थांबले तर कोणी तुरुंगात जात नाही आणि मुलगी वर्गात परत येते. आमच्या जमातीत काझीसाहेबांनी शाळेचा दाखला पाहिल्याशिवाय निकाह पढवू नये, असे आम्ही वारंवार म्हणत आलो. काही ठिकाणी ते मानले जाते, काही ठिकाणी ‘मुलगी वयात आली ना?’ असे उत्तर मिळते. वयात येणे आणि वय होणे यांतील फरक मुलीच्या हाडांना आणि रक्ताला चांगला कळतो. आणि एकदा ती गरोदर झालीच, तर मग भीती बाजूस ठेवून तिला दवाखान्यात नेलेच पाहिजे. जे काय व्हावयाचे ते मोठ्यांचे होईल, तिची आणि बाळाची चाचणी राहता कामा नये.

सीमाभागाची म्हणून एक निराळीच कटकट आहे. मुलगी चंदगड-गडहिंग्लजकडची, सासर बेळगाव तालुक्यात. किंवा माहेर निपाणीला आणि सासर कागलला. एका राज्यात नाव घातले की माता-बाल संरक्षण कार्ड मराठीत मिळते, दुसऱ्या राज्यातले ‘तायी कार्ड’ कन्नडात. सातव्या महिन्यात ती हद्द ओलांडते आणि तिच्या पिशवीतले कार्ड तिकडच्या नर्सबाईंना वाचता येत नाही, इकडच्या आशाताईंना ती कोठे गेली ते कळत नाही. दुसरी चाचणी राहून जाते ती येथे. सीमाप्रश्नावर बोलण्याचे हे स्थान नव्हे. पण थेंबभर रक्ताला मराठी-कन्नड माहीत नसते, एवढे म्हणण्यास हरकत नसावी. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात आणि कोल्हापूरच्या सी. पी. आर. रुग्णालयात दोन्हीकडे औषधे विनामूल्य मिळतात. महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांतून गरोदर स्त्रियांची तपासणी मोफत होते. माहेरी आलेल्या मुलीला पहिल्याच ९ तारखेस तेथे नेऊन कार्ड दाखवावे आणि चाचणी पुन्हा करावी असे सांगावे. काम तासाभराचे आहे.

दुधाविषयी थोडेसे. लागण झालेल्या आईने पाजू नये, असा समज अजून आहे. औषध चालू असलेल्या आईने पहिले सहा महिने अंगावरच, आणि निव्वळ अंगावरच, पाजावे असा आजचा सल्ला आहे. आपल्याकडे जन्मल्याबरोबर मध चाटवितात, घुटी उगाळून देतात, पाणी पाजतात, सुटीचे म्हणून गाईचे दूध देतात. वरच्या पदार्थांनी तान्ह्या बाळाच्या आतड्याच्या आवरणाला इजा होण्याचा संभव असतो, आणि मग दुधातून आलेल्या विषाणूस वाट मिळते. घुटी देणाऱ्या आजीशी भांडू नये, तिला कारण सांगावे. आम्ही पाहिले आहे, आज्या ऐकतात, जावई ऐकत नाहीत!

आणि बाळाची तपासणी सहा आठवड्यांचे असताना एकदा करून थांबावयाचे नसते; अठरा महिन्यांपर्यंत ती पुन्हा पुन्हा करावी लागते. येथे गळती फार होते. आई सतरा-अठरा वर्षांची, हातात पैसा नाही, बसचे भाडे सासूकडे मागावयाचे आणि कशासाठी ते सांगावयाचे नाही. तिने केंद्रावर जावे तरी कसे?

याच अडचणीवर दक्षिण आफ्रिकेत एक उपाय निघाला. तेथे या रोगाचा प्रादुर्भाव आपल्याहून कितीतरी पट अधिक, आणि लागण झालेल्या मातांत कोवळ्या वयाच्या मुली पुष्कळ. केपटाउनला २००१ साली डॉ. मिच बेसर यांनी असे पाहिले की, डॉक्टर जे सांगतात ते या मुलींच्या कानांवरून जाते. म्हणून त्यांनी, लागण असूनही निरोगी बाळाला जन्म दिलेल्या स्त्रियांनाच पगार देऊन दवाखान्यात बसविले. नव्याने कळलेल्या मुलीशी प्रथम ती बाई बोलते : हे माझे झाले होते, हे माझे मूल, पाहा. गोळी केव्हा घ्यावी, नवऱ्याला कसे सांगावे, न सांगता कसे निभावावे, हे सगळे ती अनुभवाने सांगते. ही पद्धत पुढे आफ्रिकेतील इतर देशांतही गेली. आपल्याकडे तर बाळंतपणाचे शहाणपण बाईकडून बाईकडेच जात आले आहे. ही पद्धत आपणांस उपरी वाटण्याचे कारण नाही. अशा स्त्रिया आपल्या भागातही आहेत. त्या पुढे येत नाहीत, कारण पुढे आल्यावर आपण त्यांच्या हातचे पाणी पिऊ की नाही, याची त्यांना खात्री नाही. एकत्र जेवण्याने, एका नळावर पाणी भरण्याने, डास चावल्याने हा रोग होत नाही, हे तीस वर्षे सांगून झाले. पुन्हा सांगत नाही.

कायदा मात्र सांगतो, कारण तो फार थोड्यांना ठाऊक आहे. २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध कायदा सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. त्यान्वये संमतीवाचून कोणाची चाचणी करता येत नाही, निकाल गुप्त ठेवावा लागतो, आणि लागण झाली म्हणून कोणाला शाळेतून, नोकरीतून, दवाखान्यातून हाकलता येत नाही. जोडीदाराला कळविण्याची तरतूद आहे. पण त्यामुळे स्त्रीला मारहाण होईल किंवा तिला टाकून देतील अशी रास्त भीती असेल, तर डॉक्टरांनी तसे कळवू नये असेही त्यात आहे. आम्हा शिक्षकांनाही तो लागू आहे. एखाद्या मुलाचे आई-बाप कोठल्या केंद्रावर जातात याची चर्चा शिक्षकखोलीत चहा पिताना होऊ नये. ती होते, म्हणून म्हणतो.

शाळेत आम्ही काय करतो, ते थोडक्यात सांगून मुख्य मुद्द्याकडे येतो. नववीच्या मुलींना आणि मुलांना, वेगवेगळे बसवून, आम्ही हा विषय शरीरशास्त्राच्या धड्याला जोडून शिकवितो. मुलांना अधिक शिकवितो. पालकांनी आरंभी कुरकुर केली, आता करीत नाहीत. १०९७ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहवून घेतो. त्यावर नाव न सांगता एच.आय.व्ही.विषयी काहीही विचारता येते.

आता न्यासापाशी आमचे मागणे. दरवर्षी सामुदायिक विवाहासाठी आपण अर्ज मागवितो. त्यांत वयाचा पुरावा म्हणून आज प्रतिज्ञापत्र चालते; ते बंद करून शाळेचा किंवा जन्मनोंदणीचा दाखलाच घ्यावा. काही सभासदांनी सुचविले आहे की, विवाहापूर्वी एच.आय.व्ही. चाचणीचे प्रमाणपत्र सक्तीचे करावे. आम्ही त्याच्या विरुद्ध आहोत. सक्ती आली की प्रमाणपत्रे विकत मिळू लागतील, आणि लग्नाच्या दिवशीचा निर्दोष कागद पुढच्या दोन वर्षांची हमी देत नाही, हे आताच आपण पाहिले. त्याऐवजी वधू-वर दोघांनी समुपदेशकास एकदा भेटावे अशी विनंती असावी आणि भेटीच्या दिवसाचा मजुरीचा खाडा न्यासाने द्यावा. मुलींच्या शिष्यवृत्तीची रक्कम आपण जूनमध्ये एकदम देतो. ती दोन हप्त्यांत द्यावी, दुसरा हप्ता दिवाळीच्या सुट्टीनंतर, मुलगी वर्गात हजर असल्याची खात्री करून. ऊसतोडीला जाणाऱ्या घरची मुलगी मागे ठेवायची झाल्यास तिच्या सहा महिन्यांच्या जेवणाची सोय कोठे तरी झाली पाहिजे. वसतिगृहाच्या दोन खोल्या वर्षातील बराच काळ रिकाम्या असतात. आणि प्रवासभाड्यासाठी एक छोटा निधी असावा, ज्यातून दवाखान्यात जाणाऱ्या कोणत्याही बाळंतिणीला, कारण न विचारता, बसचे पैसे मिळतील. कारण विचारले की निधी ओस पडेल. पैसे देण्याचे काम कार्यालयातल्या कारकुनाकडे नसावे, न्यासाच्या शिवणवर्गाच्या बाईंकडे असावे. तेथे मुली एरवीही जातात-येतात, त्यामुळे कोणाची नजर जात नाही.

विवाह-अर्जाचा नवा नमुना आणि या खर्चाचा अंदाज असे दोन कागद आम्ही तयार करून चिटणीसांकडे दिले आहेत. पुढील बैठक रविवारी आहे असे कळते. शंका असतील त्या सभासदांनी त्यापूर्वी शाळा सुटल्यावर भेटावे; आम्ही साडेपाचपर्यंत तेथेच असतो.